आज घर बंद

तुला जाऊन चोवीस दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर संशय घेतोय. बायको गेली की माणसं तिचे गुण आठवतात. मी तुझा मोबाइल हातात धरून त्यातल्या लाल तारखा बघत बसलोय.

वही तुझीच घेतली आहे. पाहुण्यांची. कोणाला तिखट चालत नाही, कोणाला कोळंबी खाल्ली की अंगावर पित्त उठतं, कोणाचं पोर गोड भाताशिवाय जेवत नाही, सगळं तुझ्या अक्षरात. मागची पानं कोरी होती. शाळा माझी चौथीपर्यंत आणि तुझी सातवीपर्यंत. तू हे लिहिताना मी कधी डोकावलो नाही. आता डोकावतोय, आणि सरळ सांगतो, विश्वासाने नाही.

तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी अक्षता आली. तुझी लाडकी. मला ती पहिल्या दिवसापासून पटलेली नाही, ते तुला ठाऊक आहे. बांद्याची मुलगी, पुण्याच्या कंपनीत जाऊन पर्यटकांचं ॲप करते काय, आपल्या दोन खोल्या त्यात घालते काय, आणि त्यातलं ते मशीन आपल्या नावाने लोकांशी गोड बोलतं काय. मी तेव्हाच विचारलं होतं, आपल्या घराच्या वतीने बोलायचा अधिकार त्याला कोणी दिला? तू म्हणालीस, "मी दिलंय. माका भाकऱ्या भाजूच्या असतत. फोन कोण उचलतला, तुमी?"

तर ती आली. ओटीवर बसली, तुझ्या फोटोकडे बघून रडली. मग नाक पुसलं आणि पिशवीतून लॅपटॉप काढला.

मी म्हटलं, "रडूक इलंस की कामाक?"

"दोनय, काका."

खोटं बोलली नाही, एवढं मान्य करतो.

मग म्हणाली, "काका, एक इचारूचा होता. काकी दर दुसऱ्या बुधवारी घर कित्या बंद ठेवायची?"

मी म्हटलं, "कोणी सांगल्यान बंद होता म्हणान? पावणेच येत नव्हते. तुझ्या ॲपाक बुधवारचो उपास आसा, ह्या मी तुका वर्षभर सांगतंय."

आणि खरंच सांगत होतो. आठवतं ना? बुधवार म्हणजे माशांचा वार, त्या दिवशी लोक मालवणकडे धावतात, आणि आपल्या खोल्या नेमक्या तेव्हा रिकाम्या. सोमवारी रिकाम्या असत्या तर समजलं असतं. मी तुझ्यासमोर अक्षताला फोन लावून वाट्टेल ते बोललो होतो. तू शेजारी बसून नारळ खवत होतीस. खवणीवरून नजर उचलली नाहीस.

अक्षताने पडदा माझ्याकडे फिरवला. सव्वा वर्षाचं कॅलेंडर. एक बुधवार सोडून एक बुधवार, लाल. खाली अक्षरं: आज घर बंद. पाहुणे येत नव्हते असं नाही. तू त्यांना येऊ देत नव्हतीस.

आणि ते कुठले बुधवार ते मला मोजावं लागलं नाही. गुडघे धरल्यापासून मी दर दुसऱ्या बुधवारी सकाळच्या एसटीने जामसंड्याला वैद्याकडे तेल लावून घ्यायला जातो आणि दिवेलागणीला परत येतो. तेच. मी पाठ फिरवली की तू घर बंद करायचीस.

आता सांग, माझ्यासारख्या माणसाच्या मनात काय यावं?

अक्षता घाईत होती. तिची कंपनी आता आपल्या किनाऱ्यावरून उठून सगळ्या समुद्रकाठी जाणार, मग डोंगरातल्या गावांत. आज शंभरेक घरं, उद्या हजारो. "काका, एका घराक बसता ता हजार घरांक बसाक होया. तसा करूचा, ह्याच माझा काम." म्हणून तिचे साहेब एकेक गोष्ट काढून बघतायत, ही सगळ्यांना लागते का. त्यांना तुझं ते 'आज घर बंद'चं बटण खटकलं. बाकी सगळ्या ठिकाणी ॲप कारण विचारतं, आणि त्या कारणांवरून ते मशीन शिकतं. हे एकच बटण काही विचारत नाही. दाबलं की घर बंद. फार थोडी माणसं ते दाबतात, आणि सगळ्यांत जास्त दाबणारं घर कुठलं, तर आपलं. साहेब म्हणाले, त्या घराला विचारा. कारण पटलं तर ते कारणांच्या यादीत घालू आणि बटण काढून टाकू. पटलं नाही तर तसंच काढू.

म्हणजे कसंही झालं तरी बटण जाणार. मी तिला तसं म्हटलं.

ती म्हणाली, "तुमी बोललास तर कदाचित रवात. मी बोलान दमलंय. काकी असती तर तिना सांगितल्यान असता. आता तुमी बोला."

तुझं बटण ठेवायचं की घालवायचं ते माझ्या जिभेवर आलं होतं. आणि मला स्वतःलाच त्याचं कारण हवं होतं, साहेबांच्या आधी.

ते बटण जन्मलं तेव्हा मी तिथे होतो, आणि मी त्याच्या विरुद्ध होतो.

तीन वर्षांमागली गावपळण. ॲपात आपण नवीन. देवाचा कौल झाला, तारीख ठरली, आणि तू अक्षताला फोन केलास. अर्धं बोलणं मी ऐकलं होतं, कारण तू मोबाइलवर बोलायचीस तेव्हा पुण्याला तसंच ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचीस.

"गो बाय, तीन दिवस घर बंद ठेवूचा आसा. आमचो सगळो गाव भायर पडतलो. माणसा, गोरवा, कोंबे, कुत्रे, सगळी येशीभायर खोपी घालून रवतली. परत केवा, ता देव सांगतलो."

ती म्हणाली, कारण निवडायला लागेल, यादी आहे. तू यादी वाचलीस. दुरुस्ती, घरात लग्न, आजारपण, प्रवास.

"हेच्यात देव खंय आसा?"

"काकी, 'इतर' दाबा."

"इतर? गो, देव म्हणजे इतर?"

तरी दाबलंस. आणि त्या मशिनाने काय केलं? 'इतर'च्या पुढे काही लिहिलेलं नाही म्हणजे विशेष काही नाही, असं समजून दुसऱ्या दिवशी आपोआप घर उघडून टाकलं. आपण खाडीपलीकडे झावळ्यांच्या खोपीत, गावात पाखरू बोलायचं नाही, आणि आपल्या ओटीवर नाशिकचं एक जोडपं दाखल. कुत्रं भुंकत नाही, कोंबडं आरवत नाही, एका घरातून धूर नाही, दारांना कुलपं. त्यांनी ॲपात विचारलं, कोणी आहे का? मशिनाने तुझ्याकडून शिकलेलं उत्तर दिलं: "काकी पाच मिनिटांत येते. ओटीवर बसा, हंड्यातलं पाणी घ्या."

दोन तास बसली ती माणसं. शेवटी त्या बाईने फोन केला तेव्हा ती रडायच्या बेतात होती. इथे काय झालंय, म्हणाली, सगळे गेले कुठे? तू म्हणालीस, "घाबरू नका. सरळ पुलाकडे या." आणि वर म्हणालीस, "येताना मोठ्याने बोलू नका." त्यावर ती आणखीच घाबरली. दोघं पुलावरून जवळजवळ धावत आली. मानकऱ्यांनी मला सगळ्यांदेखत झापलं. मी म्हटलं, "माका कित्या सांगतास, मशिनाक सांगा."

तू त्यांना खोपीत बसवलंस. तीन दगडांच्या चुलीवरचा उकडा भात, कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा वाढलास. ती जेवली, भजनाला बसली, बाईने तर फुगडी घातली. घरी जाऊन त्यांनी ॲपात लिहिलं की असा अनुभव जन्मात घेतला नाही. झालं. मशिनाने ते वाचलं आणि तुला विचारलं: "झोपडी-निवास पर्यटकांना फार आवडतो आहे. पुढची तारीख कोणती ठेवू?"

मी म्हटलं होतं, "देवाक इचार म्हणा. तेचो नंबर आसा तर लाव."

हसलीस. भात वाढता वाढता इतकी हसलीस की उलथनं खाली ठेवावं लागलं. तुझं ते हसणं मला आता वहीत लिहिता येत नाहीये.

अक्षता तिसऱ्या दिवशी खोपीवर आली, तोंड पाडून. चूक तिची होती आणि तिने ती कोणावर ढकलली नाही. कागदाचे चौकोन कापून आणले होते, एकेक चौकोन म्हणजे मोबाइलचा एकेक पडदा. चटईवर मांडले. पहिल्यावर तारीख. दुसऱ्यावर कारण. तिसऱ्यावर खात्री आहे का. चौथ्यावर पाहुण्यांना निरोप. तू पीठ लागलेल्या हाताने ते सरकवत होतीस, पटावरच्या सोंगट्या हलवाव्यात तसे.

दुसरा कागद तू उचललास, उलटसुलट बघितलास आणि चुलीत घातलास.

"काकी!" ती ओरडली.

"ह्यो लागणा नाय," तू म्हणालीस. "देवान कारण दिल्यान काय आमका? मगे तुझा मशीन माका कित्या इचारता? पावण्यांक सांग, शेजारच्या गावात खोली बघून दी तेंका, ता तुझा काम. माका इचारू नको."

"पण काकी, लोक खोटा दाबतले."

"दाबू देत. उगीच दार कोण लावणा नाय गो. दाबणाऱ्याक काय तरी झाला असतलाच."

मी खोपीच्या मेढीला, खांबाला, टेकून ऐकत होतो. मी गवंडी माणूस, मला राहवलं नाही. "कारण नाय तर बंद कित्या? मी कारणाशिवाय एक चिरो हलवूक नाय जन्मात."

तू माझ्याकडे बघितलंसही नाहीस. "म्हणानच तुमच्या भिंती सरळ आसत," म्हणालीस, "आणि खोलयेत वारो येत नाय."

अक्षता तोंडावर हात ठेवून हसली. मी उठून गुरांकडे गेलो. त्या वादाचं उत्तर मी तुला दिलेलंच नाही. तीन वर्षं शोधत होतो. आपल्या खोल्यांत वारा येतो, एवढं तरी सांगायचं होतं. पूर्वेच्या खिडकीने येतो.

तर असं ते बटण. मी समजत होतो देवासाठी केलंय. तू ते स्वतःसाठी वापरत होतीस.

आणखी एक गोष्ट अक्षताने सांगितली, ती सांगताना आधी हसली आणि मग पुन्हा रडली. बटण काही विचारत नसलं तरी ते मशीन गप्प बसणारं नाही. दुसऱ्या बाजूने, स्वतःच्या अकलेने, त्याने एकदा तुला लिहिलं होतं: "आपले घर दर दुसऱ्या बुधवारी बंद असते असे दिसते. काही विशेष आहे का?" म्हणजे दारातून सोडलं आणि खिडकीतून विचारलं. मी म्हटलं ना, विश्वास ठेवायच्या लायकीचं नाही ते. तू त्याला एका शब्दात उत्तर दिलंस. गावपळण.

त्याने लिहिलं, धन्यवाद, नोंद केली. आणि तेव्हापासून ते सगळ्या पर्यटकांना सांगत होतं की या गावात दर दुसऱ्या बुधवारी स्थानिक उत्सव असतो, गर्दी टाळायची असल्यास दुसरा दिवस निवडावा. साहेबांना संशय आला तो त्यावरून. पंधरा दिवसांनी येणारा हा कसला उत्सव?

तेही माझ्यासारखेच. मला त्या घडीला ते साहेब थोडे जवळचे वाटले.

अक्षता आठवडाभराने फोन जोडते म्हणून गेली आणि मी तपासाला लागलो. लाज वाटते, पण लिहितो. तुझी पेटी उघडली. साड्या, आईची नथ, माझं एक जुनं पाकीट. तुझ्या पोटाच्या दुखण्याचे डॉक्टरांचे कागद काढून तारखा बघितल्या. सगळे शेवटच्या दोन महिन्यांतले, त्याआधीचा एकही नाही. बचत गटाच्या बायकांना विचारलं, बुधवारी तुमची बैठक असायची का. नव्हती. एसटीच्या थांब्यावर चहावाल्याला विचारलं, ही कधी कुठल्या गाडीला दिसली का. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी चहा अर्धा टाकून निघालो.

शेवटी शेजारच्या गुलाबवहिनींना विचारलं. त्यांचं माजघर आपल्या मागीलदारासमोर येतं. आधीच विचारायला हवं होतं, पण त्या बाईला विचारलं की गावाला कळतं, म्हणून टाळत होतो.

"वयनी, बुधवारी ही खंय जायची?"

"कोण, ती? खंय जायना नाय. घराकच."

"कोण येयत होता?"

"तुमी काय पोलीस काय, भावजी?" मग माझं तोंड बघून त्या नरमल्या. "कोण नाय येय. मागीलदारी पायरीर बसायची. पाय लांब सोडून."

"काय करायची?"

"काय नाय."

"काय नाय म्हणजे काय? विणकाम? फोन?"

"काय नाय म्हणजे काय नाय. चूल पेटवी नाय. रात्रीचा काय असात ता खाई आणि माडांकडे बघीत बसा. एकदा मी इचारलंय, काय गो, बरा नाय? तर म्हणता कशी, आज घर बंद आसा."

मी विचारलं, पोटावर हात धरून बसायची का, चेहरा दुखल्यासारखा दिसायचा का. त्या म्हणाल्या, तसा काय बघूक नाय. मग म्हणाल्या, मी तसा नीट बघूकय नसतलंय.

पाय लांब सोडून. मी घरी येऊन हेच घोळवत राहिलो. इतक्या वर्षांच्या संसारात मी तुला पाय लांब सोडून बसलेली बघितलेली नाही. तू बसायचीस ती एक गुडघा वर करून, आता उठायचंय अशी. जेवतानासुद्धा.

माझ्या तोंडात जन्मभर एकच शब्द होता, कित्या, का म्हणून. तू नवी साडी नेसलीस, कित्या. माहेरी एक दिवस जास्त राहिलीस, कित्या. वाटेत उभी राहून एकटीच हसलीस, तरी कित्या. गवंडी माणूस, जांभ्याचा चिरा हातात घेतला की ठोकून आवाज ऐकतो, आत पोकळ आहे का बघतो. तुलाही ठोकत राहिलो. आणि तू माझ्यासारख्या माणसाबरोबर निभावलंस, पोकळ आवाज एकदाही दिला नाहीस. त्याबद्दल कधी चांगला शब्द बोललो नाही. आता कोणाला बोलू?

ती पायरीसुद्धा. मागीलदारची सगळ्यांत खालची. बांधताना तिचा चिरा मापापेक्षा मोठा आला होता, वीतभर बाहेर राहिला. मी किती वेळा म्हटलं असेन, छिन्नी घेतो आणि तोडून सारखा करतो, दिसायला वाईट दिसतं. तू म्हणायचीस, रवांदेत. कित्या? रवांदेत हो. बस एवढंच. मला वाटायचं मुद्दाम अडवतेस.

फोनचा दिवस आला. अक्षताने पुण्याहून जोडला. पडद्यावर तीन चौकटी: ती, एक साहेब, एक बाईसाहेब. साहेब शुद्ध बोलणारे, आवाज मऊ. आधी तुझ्याबद्दल वाईट वाटल्याचं बोलले. खरंच वाटलं असेल. मी माणसाचं तोंड बघून सांगू शकतो, पडद्यावरचं नाही सांगू शकत.

मग म्हणाले, "काका, आम्ही कोणाचं काही काढून घेत नाही. पण एका गावासाठी एक वेगळं बटण ठेवलं तर दुसरं गाव दुसरं मागेल. हजारो घरं झाली की प्रत्येकासाठी वेगळं करता येत नाही. कारण कळलं तर यंत्रालाच आपोआप समजेल, कोणाला काय हवंय ते. काकूंना घर नेमकं का बंद ठेवावं लागायचं?"

अक्षता माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं मी काहीतरी मोठं बोलेन. देव, परंपरा, असं काहीतरी. किंवा तुझं आजारपण सांगेन. ते सांगितलं असतं तर लगेच पटलं असतं त्यांना. यादीत 'आजारपण' आहेच. संपलं.

खरं सांगतो, ते शब्द माझ्या तोंडात आले होते. मग ते चुलीत जळणारं कारणाचं चिटोरं आठवलं.

मी म्हटलं, "साहेब, मी गवंडी. घरं किती बांधली ते मोजलेलं नाही. पूर्वी चिरे हाताने तासायचे, प्रत्येक वेगळा. मग यंत्राचे आले, सगळे एका मापाचे, भिंती भराभर उठायला लागल्या. मला आवडले नाहीत, पण बांधल्या. एक खोलीचं घर बांधलं, दहा खोल्यांचं बांधलं. मालकांनी वाट्टेल ते बदलायला लावलं. पण मागीलदार नको असं आजवर एकाही मालकाने सांगितलं नाही. आणि मी कधी कुणाला विचारलं नाही की मागीलदाराने तुम्ही जाता कुठे."

साहेब म्हणाले, "म्हणजे?"

"म्हणजे हजार घरांना सारखं बसणारं काय ते शोधताय ना? एवढंच एक बसतं. त्याला माप लागत नाही. तुमची ती यादी मात्र प्रत्येक गावाला वेगळी करावी लागेल बघा."

बाईसाहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. साहेब थोडे पुढे झुकले. "ते समजलं, काका. पण काकू का बंद ठेवायच्या? तुम्हाला नक्की माहीत असेल."

"माहीत नाही," मी म्हटलं. "आणि माहीत असतं तरी तुम्हाला सांगितलं नसतं."

मला वाटलं नेट गेलं. नेट होतं.

शेवटी बाईसाहेब म्हणाल्या, "खूप छान इनपुट होतं, काका." ते काय असतं ते मी विचारलं नाही. त्या दिवशी मी बऱ्याच गोष्टी विचारल्या नाहीत.

परवा अक्षताचा फोन आला. "काका, सध्या ठेवतत."

सध्या. सध्या म्हणून लावलेले टेकू मी वीस-वीस वर्षं उभे बघितलेत आणि कायमचे म्हणून बांधलेले कट्टे दोन वर्षांत खचलेले. मी तिला म्हटलं, "गो, तुझ्या साहेबांवर माझो विश्वास नाय." ती म्हणाली, "माझोय नाय, काका." तेव्हापासून ती मला जरा पटायला लागली आहे. रोज सकाळी चहाच्या आधी मोबाइल उघडून बघतो, बटण जाग्यावर आहे की नाही. असतं. उद्याचं सांगता येत नाही.

आणि आज बुधवार. तो बुधवार.

जामसंड्याला गेलो नाही. गुडघे ओरडतायत, ओरडू देत. सकाळी कोल्हापूरच्या कोणीतरी खोली विचारली होती. मशीन त्यांना हो म्हणायच्या आत मी बटण दाबलं. तुझा अंगठा मोबाइल ओळखायचा, माझा ओळखत नाही, चार आकडे घालावे लागतात. पण बटणाने काही विचारलं नाही. आज घर बंद. बस. कोल्हापूरकरांना खालच्या गावात खोली देऊन मोकळं झालं.

मग वही घेऊन मागीलदारी आलो आणि तुझ्या पायरीवर बसलो. पाय लांब सोडले. सुटायला वेळ लागला. समोर तेच माड, तीच विहीर, गुलाबवहिनींची वाळत घातलेली लुगडी. यात बघण्यासारखं काय होतं ते अजून मला दिसलेलं नाही. बघतोय.

थोड्या वेळाने वहिनी डोकावल्या. "ओ भावजी, आज जामसंड्याक जावक नाय?"

"नाय. घर बंद आसा."

"कित्या?"

मी माडांकडे बघत राहिलो. त्या आत गेल्या.

आता हे शेवटचं, मग वही मिटतो. तो बाहेर आलेला चिरा मी आज पहिल्यांदा हाताने चाचपला. बसायच्या जागी खोलगट झालाय, हात फिरवला तर कुठे खरखर लागत नाही. बाजूचा चिरा त्याच खाणीतला, त्याच दिवशी बसवलेला, तो अजून हाताला टोचतो. मी जन्मभर चिरा हाताळलाय. सव्वा वर्षातल्या एक सोडून एक बुधवारांनी चिरा असा होत नाही. त्याला खूप वर्षं लागतात. मी सकाळी थापी घेऊन बाहेर पडायचो आणि संध्याकाळी यायचो, ती सगळी वर्षं. मग काम सोडून मी घरी बसलो, आणि गुडघ्यांनी मला बुधवारी जामसंड्याला धाडेपर्यंत तुला ही जागा मिळाली नसेल.

छिन्नी माळ्यावर आहे. चिरा तोडणार नाही. आणि कित्या ते विचारत नाही.